फोटोशॉपमध्ये डबल एक्सपोजर करताना दोन्ही फोटो धुरकट का होतात?

चेहऱ्यावर झाडाचा फोटो ठेवून ओपॅसिटी ५०% केली तर दोन्ही धुरकट होणारच. ते डबल एक्सपोजर, म्हणजे एकाच फ्रेमवर दोन चित्रं उमटवणं, नव्हेच. ओपॅसिटी १००% ठेवा आणि वरच्या लेयरचा ब्लेंड मोड, म्हणजे तो खालच्या लेयरमध्ये मिसळण्याची पद्धत, स्क्रीन करा.

हे ठासून सांगतोय, कारण या विषयावर माझं एक जुनं भांडण आहे. एका प्रदर्शनासाठी मी आजीचा फोटो दिला होता. बाजूने घेतलेला चेहरा, डोक्यावरून काळ्या चंद्रकळेचा पदर आणि त्या पदरात फुललेली आमच्या बांधावरची बाभूळ. निवड करणाऱ्या ज्येष्ठांनी तो बाजूला काढला. म्हणाले, "फिल्मवर केलेलं तेच खरं. ही कॉम्प्युटरची करामत."

वडिलांच्या निकॉन एफएम२ या फिल्म कॅमेऱ्यावर मी फिल्मही वापरली आहे. त्यात मल्टिपल एक्सपोजरची कळ असते. ती ओढून धरली की लिव्हर फिरवल्यावर शटर भरतं, पण फिल्म जागची हलत नाही. दोन्ही वेळा एकेक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा, प्रकाश द्यायचा. पहिल्या फोटोत जिथे अंधार, तिथे फिल्म कोरी राहते आणि दुसरं चित्र तिथेच उमटतं. पांढऱ्या आभाळावर काहीच उमटत नाही. स्क्रीन मोडचा हिशेबही हाच आहे. मग यात खोटं काय? पदर काळाभोर यावा म्हणून आजीला मी मुद्दाम उजळ आभाळासमोर उभं केलं होतं. तो निर्णय काही कॉम्प्युटरने घेतला नव्हता.

तेव्हा आधी तुमचा मूळ फोटो बघा. समोरून फ्लॅश मारलेल्या चेहऱ्यात झाड शिरणार नाही. मागून उजेड असलेला फोटो घ्या, पार्श्वभूमी पांढरी करा, कर्व्हजने (उजेड-अंधार कमीजास्त करण्याची सोय) सावल्या अजून गडद करा. डोळ्यांवर फांद्या आल्या तर झाडाच्या लेयरला लेयर मास्क लावून त्यावर मऊ काळा ब्रश फिरवा, तेवढं झाड लपेल. गिंप या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही हे सगळं होतं.

आता एक खरं की फिल्मवर प्रकाशाची सरळ बेरीज होते, स्क्रीन मोड मात्र उजळ भाग जरा सांभाळून घेतो. अगदी बेरीजच हवी असेल तर लिनिअर डॉज हा ब्लेंड मोड आहे, पण त्यात उजळ भाग लगेच पांढरेफटक पडतात.

आणि कोणी "ही करामत" म्हणालंच, तर त्यांना ऑस्कर रायलँडर या जुन्या फोटोग्राफरचं नाव सांगा. १८५७ मध्ये त्याने तीसेक निगेटिव्ह जोडून एकच चित्र छापलं होतं. वाद तेव्हाही झाला, पण राणी व्हिक्टोरियाने ते विकत घेतलं.