बाबांच्या हातात पुन्हा फोन द्यावा का?

“फसवणूक झाल्यापासून बाबांचा स्मार्टफोन आम्ही कपाटात ठेवला आहे. तो त्यांना परत द्यावा का?” असे विचारणारी मुले आता माझ्याकडे वरचेवर येतात. त्यांतल्या एका कुटुंबाची हकीकत, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे सांगते.

वडील निवृत्त मुख्याध्यापक. एका सकाळी त्यांना व्हिडिओ कॉल आला आणि पोलिसी गणवेशातील माणसाने सांगितले, की त्यांच्या आधार क्रमांकावर पाठवलेल्या कुरिअरमध्ये अमली पदार्थ सापडले असून त्यांना ‘डिजिटल अरेस्ट’ करण्यात येत आहे. कॅमेरा बंद करायचा नाही, कोणाशी बोलायचे नाही, अशी ताकीद होती. दोन दिवस त्यांच्या पत्नी जेवणाचे ताट दाराशी ठेवत होत्या. तिसऱ्या दिवशी सरांनी मुदतठेव मोडली आणि ‘पडताळणीसाठी’ म्हणून 11 लाख रुपये भरले.

अशी अटक भारतीय कायद्यात नाही. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 रोजीच्या ‘मन की बात’मध्ये हे स्पष्ट सांगितले होते आणि सरांनी ते ऐकलेही होते. मुलाचा संताप नेमका येथेच अडला होता. “बाबा, तुम्हाला ठाऊक होतं, मग कळलं कसं नाही?” हा प्रश्न तो माझ्यासमोरही तीनदा विचारून गेला.

माझ्या मते हा प्रश्न विचारणेच थांबवायला हवे. एरवी शंका आली की आपण शेजारच्या माणसाला विचारतो. आपल्या शहाणपणाचा मोठा भाग या विचारण्यात असतो, आणि ही टोळी सर्वांत आधी तेच तोडते. मग ऐकलेली माहिती डोक्यात असूनही भीतीपुढे वर येत नाही.

मुलाला बाहेर बसवून मी सरांना भेटू लागले. तिसऱ्या भेटीत ते बोलले. “बँकेतल्या मुलाने विचारलं होतं, सर, एवढी रक्कम कशाला? मी म्हणालो, मुलाच्या घरासाठी. तो माझा विद्यार्थी आहे हो.” पैशांपेक्षा हे खोटे त्यांना जाळत होते, आणि घरात ते कोणालाच माहीत नव्हते. फोन काढून घेतल्याने, आपण आता विश्वासाला पात्र राहिलो नाही, हा त्यांचा समज मात्र पक्का झाला होता.

म्हणून फोन परत द्या, असे मी मुलाला सांगितले. व्यवहाराची दैनंदिन मर्यादा बँकेतून कमी करून घ्यावी, पण ती सरांच्या संमतीने, त्यांच्यासमोर. ‘कोणाला सांगू नका’ असे जो सांगेल, त्याचा फोन ठेवून आधी घरात सांगायचे, हा नियम सुनेपासून नातवापर्यंत सर्वांना लागू. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा क्रमांक सरांनी स्वतःच्या अक्षरात दिनदर्शिकेवर लिहिला. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. त्यांच्या बाबतीत उशीर झाला होता आणि थोडीच रक्कम अडली.

पुढे सर एकटेच बँकेत गेले आणि त्या विद्यार्थ्याला खरे काय ते सांगून आले. आता वीजबिल ते पुन्हा फोनवरून भरतात. व्हिडिओ कॉल मात्र अजून घेत नाहीत. नात त्यांना साधा फोन करते आणि शाळेत काढलेली चित्रे नंतर पाठवते.