वाचकांचे प्रश्न : चेंडू मोजणारे यंत्र

प्रश्न : लेगोच्या ठोकळ्यांतून चार टॉगलचे द्विमान (दोनाच्या पटीत मोजणारे) मोजणी यंत्र केले आहे. टॉगल म्हणजे चेंडू पडला की दुसऱ्या बाजूला उलटणारा आणि दर दुसरा चेंडू पुढच्या टॉगलकडे पाठवणारा तुकडा. चेंडू हाताने एकेक सोडले की आकडा बरोबर येतो. हॉपरमधून (चेंडू साठवून खाली सोडणाऱ्या भांड्यातून) सोडले की दहा-बारा चेंडूंनंतर चुकतो. टॉगलची रचना बदलूनही फरक नाही.

उत्तर : टॉगलना हात लावू नका. हाताने सोडल्यावर ते बरोबर मोजतात, म्हणजे दोष चेंडू तिथवर पोहोचवण्यात आहे. टॉगल उलटून चेंडू त्यावरून निघून जायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात मागचा चेंडू येऊन चिकटला, तर दोघे मिळून त्याला एकदाच उलटवतात.

हॉपर आणि पहिल्या टॉगलच्या मध्ये चार खाचांचे चाक बसवा. खाचेत एकच चेंडू मावला पाहिजे, दुसऱ्याला शिरायला जागा नको. मोटर मिनिटाला 300 फेरे घेत असेल, तर 8 दात्यांच्या गिअरवरून 40 दात्यांचा गिअर फिरवणारी जोडी दोनदा लावा. वेग 25 पट कमी होऊन 12 फेरे उरतो. म्हणजे मिनिटाला 48 चेंडू, सव्वा सेकंदाला एक. हॉपरच्या तोंडाशी चेंडू एकमेकांना टेकून अडतात, त्यासाठी चाकाच्याच ॲक्सलवर (आसावर) त्यांना ढवळणारा एक दांडा लावा. मात्र एखादी खाच रिकामी गेली तर घाबरायचे कारण नाही. वेळ जातो, आकडा चुकत नाही.

प्रश्न : लेगोच्या चेंडूंऐवजी काचेच्या गोट्या चालतील का? माझ्या मार्गात त्या अडकतात.

उत्तर : अडकणारच. दोन स्टडची (ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्यांची) रुंदी 16 मिमी आणि साधारण गोटीचा व्यासही त्याच्याच आसपास. लेगोचा छोटा चेंडू 14 मिमीचा असल्याने दोन स्टडच्या मार्गात 2 मिमी मोकळीक मिळते. गोट्यांसाठी मार्ग तीन स्टड रुंद केला, तर रांग वाकडीतिकडी होऊन गोट्या भिंतीशी पाचर मारतात. त्यापेक्षा चेंडूच वापरावेत. तळाला स्टड उघडे नकोत, गुळगुळीत टाइल बसवा. उतारासाठी दर 8 स्टडला एक प्लेट (पातळ ठोकळा), म्हणजे 64 मिमीला 3.2 मिमी, हे ठीक.

प्रश्न : एखादा टॉगल मध्येच उभा राहतो. कोणता चुकला हे कसे ओळखायचे?

उत्तर : आधी पिन पाहा. काळी पिन मुद्दाम घट्ट केलेली असते, टॉगलला करडी, सैल फिरणारी हवी. ॲक्सल वापरला असेल तर दोन्हीकडचे बुश (ॲक्सलवर बसणाऱ्या कड्या) टॉगलला दाबत नाहीत ना, हे तपासा. किंचित खुळखुळ हवीच. टॉगलचा भार टेकूच्या वर ठेवला तर तो मधल्या स्थितीत ठरत नाही, कुठल्यातरी बाजूला पडतो. चेंडू फार उंचावरून पडला तर उसळून त्याच टॉगलला पुन्हा धक्का देतो, म्हणून पडण्याची उंची तीन ठोकळ्यांपेक्षा कमी असावी.

चुकार टॉगल शोधायला प्रत्येकाच्या बाहेरच्या वाटेखाली वेगळी तबकडी ठेवा आणि सगळे टॉगल शून्यावर आणून 160 चेंडू सोडा. पहिल्या तबकडीत 80, मग 40, 20, 10 आणि शेवटच्या हातच्याच्या तबकडीत 10 आले पाहिजेत. वरून मोजत या. जिथे पहिल्यांदा आकडा बिघडला तो टॉगल दुरुस्त करा. त्याच्या खालचे आकडे त्याच्यामुळेच बिघडलेले असू शकतात, त्यामुळे तिथे लगेच काही उचकटू नका.

प्रश्न : दहाव्या चेंडूला वजनाने कलणारी तबकडी करता येईल?

उत्तर : येईल, पण भरवसा कमी. नऊवरून दहावर जाताना वजन जेमतेम 11 टक्के वाढते आणि तेवढे घर्षणातच जिरते. चारवरून पाचवर ते 25 टक्के वाढते. म्हणून पाचाला कलणारी तबकडी करा, आणि ती कलताना दर वेळी एकच चेंडू पुढच्या टॉगलकडे जाईल अशी वाट काढा. बाकीचे चार थेट परतीच्या मार्गाला लावा.