चांद्रयानाचं पेलोड सांभाळायचंय, मग एमबीए करू का?

हिंगोली जिल्ह्यातून, सेनगाव तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. लेक नांदेडला ईअँडटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगच्या) थर्ड इयरला आहे, मार्क बरे आहेत, आणि तिनं घरी सांगितलंय की मला चंद्रावर जाणाऱ्या यानातली जी सायन्सची उपकरणं, म्हणजे पेलोड, असतात ती बनवून घ्यायचं काम सांभाळायचंय, नुसतं सर्किट बनवत बसायचं नाही. पाहुण्यांचं म्हणणं, मॅनेजमेंटच करायची तर पुण्याला एमबीएला घाला. वडिलांनी त्यासाठी हळदीचे पैसे बाजूला काढून ठेवलेत, आणि विचारतायत की अशी नोकरी खरंच असते का, एमबीएला पैसे घालावेत का, आणि बारावीपर्यंत मराठीत शिकलेल्या लेकराला हे झेपेल का.

दादा, रामराम. पहिलं सांगतो, ते हळदीचे पैसे आहेत तिथंच राहू द्या. एमबीएला आत्ता एक रुपया घालू नका. नोकरी मात्र खरी आहे, लेकीनं कुठलं तरी रील बघून काहीतरी डोक्यात घेतलंय असं समजू नका, तिनं उलट नेमकी जागा ओळखलीय जी इंजिनिअरिंगच्या बऱ्याच पोरांना माहीतच नसते.

हे काम काय असतं ते जरा नीट सांगतो, म्हणजे पाहुण्यांनाही सांगता येईल. चांद्रयान-३ मधला प्रज्ञान रोव्हर, म्हणजे चंद्रावर फिरणारी छोटी गाडी, अख्खा २६ किलोचा होता आणि त्याला मिळणारी वीज ५० वॅट, म्हणजे आपल्या घरातला साधा छताचा पंखासुद्धा त्याच्यापेक्षा जास्त वीज खातो. तेवढ्यात चाकं फिरवायची, कॅमेरे चालवायचे, लँडरशी, म्हणजे चंद्रावर उतरणाऱ्या विक्रमशी, बोलायचं, आणि वर दोन उपकरणं: एक अहमदाबादच्या पीआरएल या संशोधन संस्थेनं बनवलेलं एपीएक्सएस, ज्यात किरणोत्सारी क्युरियम असतं, आणि दुसरं बेंगलोरच्या लिओस या इस्रोच्या प्रयोगशाळेनं बनवलेलं लिब्ज, जे लेझर मारून दगडमातीत कोणती मूलद्रव्यं आहेत ते ओळखतं. लँडरवर अजून चार होती, त्यातली दोन तिरुवनंतपुरमच्या शास्त्रज्ञांची, एक थेट नासाचं. आता प्रत्येक टीमला वाटतं आपलं उपकरण सगळ्यात महत्त्वाचं, आणि प्रत्येकाला थोडं वजन जास्त पाहिजे, थोडी वीज जास्त पाहिजे, डेटा पाठवायला वेळ जास्त पाहिजे, अजून दोन महिने पाहिजेत. कुणाला किती द्यायचं, कुणाला नाही म्हणायचं, कोणता बोल्ट कुठं बसणार, कोणत्या पिनमधून किती व्होल्ट येणार हे सगळं इंटरफेसच्या कागदावर आधीच पक्कं करून त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, आणि दोन वर्षांनी कुणी तो बदलायला आलं तर त्याच्यासमोर तो कागद ठेवायचा, हे काम पेलोड सांभाळणाऱ्या माणसाचं.

मग ते उपकरण तीनदा बनतं म्हणा ना. आधी इंजिनिअरिंग मॉडेल, त्यावर चुका काढायच्या, मग क्वालिफिकेशन मॉडेल, ज्याला मुद्दाम जास्त हाल देतात, शेकर टेबलवर गदागदा हलवायचं, थर्मोव्हॅक चेंबरमध्ये हवा काढून तापवायचं नि गोठवायचं, आणि शेवटी फ्लाइट मॉडेल, जे खरं जाणार. मधल्या एखाद्या टेस्टला सोल्डरिंगचा एक जोड तडकला तर का तडकला, बॅचच खराब आहे का, बाकीच्या बोर्डांवर तोच प्रॉब्लेम आहे का, आणि हे शोधायला लागलेला महिना कॅलेंडरमधून कुठून भरून काढायचा, हे त्याच माणसाला ठरवावं लागतं.

आता सांगा, जिनं कधी बोर्ड हातात घेतला नाही ती हे ठरवणार कशी? एमबीए झालेल्या माणसाला एक्सेलमध्ये दिसेल की २०० ग्रॅम जास्त झालेत, पण ते डब्याच्या भिंतीतून कापायचे का केबल बारीक करायची, आणि त्यानं पुढं कंपनात काय होईल, हे त्याला कळणार नाही. म्हणून या लाईनीत मॅनेजर वरून येत नाही, खालून टेस्ट बेंचवरनं वर येतो. चांद्रयान-२ च्या प्रोजेक्ट डायरेक्टर एम. वनिता या तुमच्या लेकीसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्याच इंजिनिअर. चांद्रयान-३ चे पी. वीरमुथुवेल यांचे वडील रेल्वेत होते, त्यांनी आधी पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि पुढं शिकत शिकत आयआयटी मद्रासची पीएचडी. यांना कुणी एमबीए करून खुर्चीवर बसवलं नाही.

आणि अजून एक गोष्ट लेकीला आवर्जून वाचून दाखवा. लँडर-रोव्हरवरची ही सहाच्या सहा उपकरणं चांद्रयान-२ च्या विक्रम-प्रज्ञानवर पण होती. ७ सप्टेंबर २०१९ ला लँडर आदळला आणि कित्येक वर्षांचं काम काही मिनिटांत गेलं. त्या टीम परत बसल्या, परत बनवलं, परत टेस्ट केलं, आणि २३ ऑगस्ट २०२३ ला उतरल्यावर त्यांना मोजमाप करायला मिळाला चंद्राचा एक दिवस, म्हणजे आपले साधारण १४ दिवस, कारण रात्रीची थंडी सोसायला ते बनवलेलंच नव्हतं. तेवढ्या दिवसांत चास्ते नावाच्या उपकरणानं आपली सुई मातीत घालून १० सेन्सरनं दाखवलं की काही सेंटीमीटर खाली गेलं की तापमान एकदम घसरतं, आणि लिब्जनं तिथं गंधक असल्याचं पक्कं केलं. चार वर्षांनी तेच उपकरण पुन्हा उभं करायचं तर पहिल्या वेळची प्रत्येक नोंद, प्रत्येक टेस्टचा रिपोर्ट जागेवर असावा लागतो, आणि ही कागदाची शिस्त मला या कामात सगळ्यात मोठी वाटते. तिला हे रटाळ वाटत असेल तर तिनं हा रस्ता धरू नये, असं मी स्पष्ट सांगतो.

आता रस्ता. इस्रोची सायंटिस्ट/इंजिनिअर एससी ही भरती असते, आजवरच्या जाहिरातींत बीईला किमान ६५ टक्के किंवा १० पैकी ६.८४ सीजीपीए आणि ओपनला वयोमर्यादा २८ अशी अट राहिलीय, आरक्षणात सवलत असते, तरी प्रत्येक जाहिरात नीट वाचायची. सीजीपीए त्या आकड्याला चिकटून नको, वर पाहिजे. गेट ही इंजिनिअरिंगची परीक्षा तिनं द्यायचीच, या फेब्रुवारीत नाही जमलं तर पुढच्या, कारण तो स्कोअर एम.टेकला लागतो, पीआरएलसारख्या ठिकाणी उपयोगी पडतो, आणि इस्रोच्या स्वतःच्या आयआयएसटीत एम.टेक करायचं तरी गेटच लागतं. इस्रोतच जागा मिळेल असं कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, जागा कमी आणि अर्ज ढिगानं. पण दार एकच नाही. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ यानावरची सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत तयार झालीय, अ‍ॅस्ट्रोसॅट या अवकाश दुर्बिणीच्या उपकरणांत मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे, आणि हैदराबादला ध्रुव स्पेस, अनंत टेक्नॉलॉजीज अशा कंपन्या आहेत, नांदेडवाल्यांना तर हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ. आणि दादा, तुमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा येतेय, केंद्रानं २०२३ मध्ये २६०० कोटी मंजूर केलेत. त्याचा चंद्राशी संबंध नाही, पण चार-चार किलोमीटरच्या नळ्यांत निर्वात जागा तयार करून सूक्ष्म मोजमाप करायचं, आयुका, इंदोर, गांधीनगर अशा वेगवेगळ्या संस्थांचे भाग एकत्र बसवायचे, हे तिला शिकायचंय तेच काम आहे. त्याकडं लक्ष ठेवा.

कॉलेजात असताना काय करायचं, तर कॅनसॅटच्या स्पर्धेला टीम उभी करायची. डब्याएवढा उपग्रह असतो, वजनाची मर्यादा असते, आणि त्यात तिनं कोडिंग न घेता मुद्दाम सिस्टिम आणि वेळापत्रकाची जबाबदारी घ्यायची, वजनाचा तक्ता, विजेचा तक्ता, कोण काय कधी देणार याची वही. इस्रोच्या यूआरएससी या बेंगलोरच्या उपग्रह केंद्राची रोबोटिक्स चॅलेंज पण बघावी. चांद्रयानाचा खरा डेटा इस्रोच्या प्रदान पोर्टलवर फुकट मिळतो, रजिस्ट्रेशन करून डाउनलोड करायचा आणि एखाद्या उपकरणाचा डेटा उघडून बघायचा. पीएसएलव्ही या रॉकेटच्या वर राहिलेल्या चौथ्या टप्प्यावर, ज्याला पोएम म्हणतात त्यावर, आता कॉलेजांची छोटी उपकरणंसुद्धा जातात, डिसेंबर २०२४ च्या खेपेला २४ पेलोड होते, त्यातल्या एकात चवळीला अवकाशात कोंब फुटले, तुमच्यासारख्या शेतकऱ्याला हे ऐकून बरं वाटेल म्हणून सांगतोय.

मराठी मीडियमचं टेन्शन घेऊ नका. थर्ड इयरपर्यंत ती इंग्रजी पुस्तकांतूनच पास होत आलीय. अडचण येते ती रिपोर्ट लिहिताना आणि रिव्ह्यूमध्ये पाच सिनियर समोर बसून प्रश्न विचारतात तेव्हा बोलताना, त्यामुळं दर आठवड्याला एका प्रॅक्टिकलचा दोन पानी रिपोर्ट इंग्रजीत लिहून सरांना दाखवायचा आणि सेमिनारला मागं बसायचं नाही, एवढं वर्षभर केलं तरी पुष्कळ.

पत्राच्या शेवटी तुम्ही स्थळांचं लिहिलंय. पेलोडची जबाबदारी हातात यायला नोकरी लागल्यावरही दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि पहिली चार-पाच वर्षं ती बेंगलोर, अहमदाबाद, हैदराबाद असं कुठंही असेल. म्हणून बीई, गेट आणि पहिली नोकरी होईपर्यंत तो विषय काढू नका, आणि काढलाच तर तिच्या कामाचं समोरच्यांना पहिल्या बैठकीतच सांगून टाका.

हळदीच्या पैशातून गेटची फी, एक चांगला सेकंडहँड लॅपटॉप आणि एक ऑसिलोस्कोप, साधा चालेल, एवढं घ्या. बाकीचे एम.टेकच्या वेळेला बाहेर राहायला लागतील. आणि लेकीला म्हणा, तिचा आत्तापर्यंतचा सीजीपीए आणि थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टचा रिपोर्ट मला पाठव, तो बघून इंटर्नशिपला कुठं अर्ज करायचा ते तिला वेगळं लिहितो.