फ्लॅट विकायचा आहे. फोटो मोबाइलवर काढू की फोटोग्राफर बोलावू?

विकायचा असेल तर फोटोग्राफर बोलवाच, पण घरांचे फोटो काढणाराच बघा. लग्नाचे फोटो सुरेख काढणाऱ्याला हे जमेलच असं नाही. मी हेच काम करतो, त्यामुळे फरक रोज दिसतो. बाहेर लख्ख ऊन असलं की मोबाइलमध्ये बरेचदा एक तर खिडकी पांढरीफटक येते, नाहीतर खोली काळवंडते. आम्ही ट्रायपॉडवरून कमी-जास्त एक्स्पोजरचे (म्हणजे कमी-जास्त उजेड घेणारे) ३ ते ५ फोटो घेऊन एकत्र करतो, म्हणजे खिडकीबाहेरचं झाडही दिसतं आणि सोफ्याखालची फरशीही. कॅमेरा साधारण छातीच्या उंचीवर आणि सरळ धरला की भिंती कलत नाहीत. लेन्स मात्र अतिरुंद दृश्य टिपणारी (अल्ट्रा-वाइड) नको. बेडरूम हॉलएवढी दिसते आणि बघायला आलेला माणूस दारातच हिरमुसतो.

ठरवण्याआधी हे मागा:
- एकाच घराचे सगळे फोटो, निवडक नव्हे. बाथरूम कसं आलंय ते आधी बघा.
- फोटो कधी मिळणार आणि कुठे वापरता येतील, हे लेखी.

घर छोटं असून फक्त भाड्याने द्यायचं असेल, तर ओटा आवरून, लेन्स पुसून, दिवसाउजेडी मोबाइलवर काढलेले फोटोही पुरतात.