वाचकांचे प्रश्न : ‘शक्य’ कोठे संपते आणि ‘पटण्याजोगे’ कोठे सुरू होते?

प्रश्न : फुटबॉलची ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंना क्लब बदलता येण्याची ठरावीक मुदत, उघडली की अमुक खेळाडू तमुक क्लबात जाणार अशा बातम्यांना ऊत येतो. शंका घेतली की ‘शक्य आहे की नाही, एवढेच सांग’ असे उत्तर मिळते आणि वाद तिथेच थांबतो. एखादी बातमी शक्य असणे आणि पटण्याजोगी असणे यांत फरक कसा करावा?

उत्तर : आपल्या वादात ‘शक्य’ हा शब्द फार स्वस्तात सुटतो. ट्रान्सफर शक्य ठरायला कोणताही नियम आड येत नाही एवढे पुरते, आणि नियम सहसा आड येत नाहीत : करार चालू असेल तर दोन क्लबांमध्ये सौदा होऊ शकतो, आणि करार संपला असेल तर 1995 च्या बोस्मन निकालानंतर युरोपीय संघातील खेळाडूला जुन्या क्लबाला मोबदला न देता संघातील दुसऱ्या देशाच्या क्लबात जाता येते. बातमी पटण्याजोगी म्हणायची, तर विकणारा का विकेल, घेणारा पैसे कोठून आणेल आणि खेळाडू का जाईल, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आजच्या परिस्थितीतून देता आली पाहिजेत. त्यांपैकी एकाही प्रश्नावर आपण ‘बघू, निघेल काहीतरी मार्ग’ असे म्हणत असू, तर बातमी अजून ‘शक्य’च्या उंबरठ्यावरच उभी आहे.

इंग्लंडचा स्ट्रायकर (गोल करणे हेच मुख्य काम असलेला खेळाडू) हॅरी केनचे उदाहरण घ्या. 2021 च्या उन्हाळ्यात तो टॉटनहॅम सोडून मँचेस्टर सिटीत जाणार, अशी जोरदार चर्चा होती. आधीचा स्ट्रायकर अग्वेरो गेल्यामुळे सिटीला नवा हवा होता, पैसा होता, आणि केनला विजेतेपदे हवी होती. परंतु त्याच्या कराराची तीन वर्षे शिल्लक होती आणि आपला सर्वोत्तम खेळाडू त्याच लीगमधील प्रतिस्पर्ध्याला विकण्याची टॉटनहॅमला कोणतीही निकड नव्हती. तीन उत्तरांपैकी दोनच तयार होती, आणि ऑगस्टअखेर केनने आपण थांबत असल्याचे जाहीर केले. दोन वर्षांनी कराराचे एकच वर्ष उरले, म्हणजे आता न विकल्यास पुढच्या उन्हाळ्यात तो फुकट जाणार हे उघड झाले; गिऱ्हाईक परदेशातले होते, आणि स्ट्रायकर लेवांडोव्हस्की गेल्यापासून जर्मनीच्या बायर्न म्युनिकच्या आक्रमणातली जागा खऱ्या अर्थाने भरलेली नव्हती. ऑगस्ट 2023 मध्ये केन म्युनिकला गेला. खेळाडू तोच, विकणाराही तोच. बदलले ते विकणाऱ्याचे गणित.

घेणाऱ्याच्या बाजूनेही हेच घडते. बार्सिलोनाशी केलेल्या करारानुसार नेमारला सोडवून नेण्याची रक्कम 22.2 कोटी युरो होती, म्हणजे ती भरणाऱ्याला तो मिळणे कागदावर शक्य होते. पण तोवरचा सर्वांत महाग खेळाडूचा विक्रम पोग्बाच्या नावावर, साधारण 10.5 कोटींचा होता. त्याच्या दुपटीहून अधिक पैसे एकरकमी कोण मोजणार, याचे उत्तर कतारच्या पैशावर उभ्या असलेल्या पॅरिस सेंट-जर्मेनने 2017 च्या ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष पैसे भरून दिले. याउलट, रिआल माद्रिदने करीम बेन्झेमाच्या करारात त्याला सोडवून नेण्यासाठी 100 कोटी युरोंचा आकडा घातला होता. तोही कागदावर ‘शक्य’च होता, पण तो घातला होता कोणी भरू नये म्हणून.

येथे एक सापळा आहे, आणि त्यात मी स्वतः अनेकदा अडकलो आहे. ‘क्लब स्ट्रायकर घेणार’ यापेक्षा ‘क्लब आधी मधल्या फळीतला एक खेळाडू विकणार, त्या पैशातून स्ट्रायकर घेणार आणि त्याला पाच वर्षांचा करार देणार’ ही बातमी जास्त पटते, कारण तिच्यात कार्यकारणाची साखळी दिसते. प्रत्यक्षात दुसरी बातमी खरी ठरायला पहिली खरी ठरावीच लागते आणि शिवाय आणखी दोन गोष्टी घडाव्या लागतात, म्हणजे ती पहिलीपेक्षा अधिक संभाव्य असूच शकत नाही. पटण्याजोगे म्हणजे संभाव्य नव्हे; हा तिसरा शब्द वेगळाच ठेवावा.

आणि तिन्ही उत्तरे तयार असूनही चौथाच कोणी आडवा येतो. 30 जून 2021 रोजी मेस्सीचा करार संपला तेव्हा तो बार्सिलोनातच राहणार, हेच सर्वांना पटत होते; क्लब आणि खेळाडू यांचे एकमतही झाले होते. मात्र स्पेनची लीग असलेल्या ला लिगाच्या आर्थिक नियमांमुळे नव्या कराराची नोंदणी होऊ शकत नाही, असे क्लबने 5 ऑगस्टला जाहीर केले आणि 10 तारखेला तो पॅरिसच्या क्लबाचा झाला.

प्रश्न : ‘क्लब त्याच्यावर लक्ष ठेवून आहे’ या वाक्याला किती महत्त्व द्यावे?

उत्तर : जवळजवळ शून्य. मोठ्या क्लबांचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे लोक, कित्येक खेळाडूंवर लक्ष ठेवतात, तेच त्यांचे काम. शिवाय हे वाक्य कधी खोटे ठरत नाही, म्हणून लिहिणाऱ्याला त्याची धास्ती नसते. करार वाढवण्याची बोलणी चालू असतानाच अशी बातमी आली, तर एजंटाने खडा टाकून पाहिला असेल, हा संशय आधी घ्यावा. ‘करारापूर्वीची वैद्यकीय चाचणी शुक्रवारी’ हे वाक्य मात्र शनिवारी खोटे ठरू शकते, आणि म्हणूनच त्याला वजन आहे. तरीही 31 ऑगस्ट 2015 आठवावे : मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक डेव्हिड डे गेआ रिआल माद्रिदला जाणार हे दोन्ही क्लबांत ठरले होते, पण स्पेनमधील मुदत संपण्यापूर्वी कागदपत्रे पोहोचली नाहीत, आणि सप्टेंबरमध्ये त्याने युनायटेडशीच नवा करार केला.