टाचा टेकल्या होत्या का?

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी कथा दोनदा वाचली. कापूस खरेदी केंद्राचा प्रसंग तू डोळ्यांनी पाहून लिहिला आहेस, हे लगेच कळतं. ओलावा 8 टक्क्यांवर गेला की भाव कापायचा, 12 च्या वर गेला की गाडी परत, आणि मधल्या 4 टक्क्यांत एका घराचं वर्ष अडकलेलं. हे तू एका वाक्यात बसवलंस. तिथं मला काही सुचवायचं नाही. अडले ते पुढच्या वाक्यावर. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरची वाट पाहत आजोबा गाडीच्या चाकाशी 'लाचारासारखे उकिडवे बसले होते', असं तू लिहितेस.

उकिडवं बसण्यात लाचारी कुठून आली गं?

निंदणाला लागलेली बाई दिवसभर उकिडवीच असते. तासाच्या, म्हणजे पिकाच्या ओळीच्या, या टोकाला बसली की त्या टोकापर्यंत तशीच सरकत जाते. उजव्या हातात विळा, डाव्या हातात उपटलेलं तण, तळवे ओल्या काळ्या मातीत रुतलेले. बांधावर शिदोरी सोडणारा गडीसुद्धा उकिडवाच बसतो, कारण खाली चिखल असतो आणि धोतर एकच असतं. चावडीपुढं चार म्हातारे गुडघ्यांना हातांचा वेढा घालून तासन्‌तास गप्पा मारतात. या बसण्याला ज्यांनी पहिल्यांदा लाचार म्हटलं, ते खुर्चीवर बसलेले असणार. तू शिकलीस, शहरात राहिलीस, आणि नकळत त्यांच्या खुर्चीत जाऊन बसलीस. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तुला सांगायचंच होतं.

अंगाच्या ठेवणीचे शब्द असेच असतात. माणूस कसा उभा आहे, कसा बसला आहे हे ते सांगतातच, शिवाय कोण बघतं आहे तेही सांगून जातात.

'ताठ' घे. ताठ हा कण्याचा शब्द. 'ताठर' म्हणजे जे वाकतच नाही ते: थंडीनं आखडलेलं बोट, हेकट स्वभाव. आणि 'ताठा' हा तर दुसऱ्यानं आपल्यावर ठेवायचा दोष. स्वतःच्या ताठ्याबद्दल बोलणारा माणूस मी पाहिला नाही. ताठा कायम समोरच्यात दिसतो, आणि बहुधा तो समोरचा आपल्यापेक्षा खालचा आहे असं आधी मनात धरलेलं असतं. नोकरी लागली त्या वर्षी एका कार्यालयात सहीसाठी गेले होते. साहेबांसमोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. पाऊण तास उभी राहिले, मग एका खुर्चीवर बसले. साहेब काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर शिपाई हळूच म्हणाला, "बाई, लय ताठा हाय तुमच्यात, असं म्हणत होते साहेब." त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात 'वागणूक ताठर' असा शेरा आला. एका 'र'नं माझी दोन वर्षं खाल्ली. 'ताठ' लिहिलं असतं तर मी खुशीनं मान्य केलं असतं. तेव्हापासून हे तीन शब्द मी मुलांना वेगवेगळे शिकवत आले. आपल्या गावात विधवा बाई मान वर करून चालली तर तिच्यात लोकांना ताठा दिसतो, आणि तिचा भाऊ तसाच चालला तर तो ताठ मानेचा ठरतो. कथेत यातला शब्द घालताना कोणाच्या तोंडी घालतेस ते बघ.

तुझ्या कथेतल्या मामांना तू एकाच पानात ऐट, रुबाब आणि डौल असे तिन्ही शब्द वापरलेस. तिन्ही एका अंगावर बसत नाहीत. परवाचा पोळा आठव. आदल्या दिवशी तूप-हळदीनं खांदे शेकलेला बैल तोरणाखाली येऊन उभा राहिला, त्याला डौल होता. वशिंड हलतं आहे, पाय मोजून पडतो आहे, आणि त्याला कोणी पाहतं आहे की नाही याची पर्वा नाही. कासरा धरून फेटा बांधलेला मालक उभा होता, त्याची ऐट. ऐटीला बघणारे लागतात, तोरण सुटलं की ती ओसरते. रुबाब त्याहून वेगळा, त्यात समोरच्यानं थोडं दबायचं असतं. पाटील गुऱ्हाळाशी येऊन नुसते उभे राहिले की बोलणं थांबायचं, तो रुबाब. तुझे मामा मला ऐटीचे वाटले. त्यांना डौल देऊ नकोस, तो बैलालाच राहू दे.

आणि आजी. तिला एकही शब्द तू दिला नाहीस, मला तिथं 'आब' हवा होता. हा शब्द फारसीतून आला. दरबारी वागण्याचे आपले किती शब्द फारसीच्या वाटेनं आले आहेत बघ: अदब, रुबाब, मिजास, दिमाख. आपल्या वऱ्हाडात तर अचलपूरला इमादशाही सुलतानांची राजधानीच होती. फारसीत आब म्हणजे पाणी, आणि रू म्हणजे चेहरा. अब्रू म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी. मोत्यालाही पाणी असतं आणि आपण चांगल्या जनावराला पाणीदार म्हणतो, ते याच अर्थानं. कोरडवाहू मुलखात राहणाऱ्या मला हा अर्थ फार जवळचा वाटतो. आजीनं दारात आलेल्या सावकाराला बाज टाकून दिली, चहा दिला, आणि स्वतः उंबरठ्याच्या आत उभी राहून 'पैसे माघात देऊ' एवढंच बोलली. ती ताठ उभी होती की कमरेत वाकलेली, याला महत्त्व नाही. तिनं आब राखला.

कमरेत वाकण्यावरून आणखी एक. वाकणं ओझ्यानं होतं, कामानं होतं, वयानं होतं. लवणं मनानं होतं. फळांनी फांदी लवते, देवापुढं माणूस लवतो. संस्कृतातल्या नम्‌ धातूतून 'नम्र' आला, म्हणजे नम्रतेच्या मुळाशी वाकलेलं अंगच आहे. पण वाकलेलं प्रत्येक अंग नम्र नसतं. शेंडगावचे गाडगेबाबा जन्मभर खराटा घेऊन गावोगावचे रस्ते झाडत वाकले, आणि कोणी त्यांच्या पायांवर वाकायला आलं तर त्याला तसं करू देत नसत. या दोन वाकण्यांना एकच शब्द पुरत नाही. 'पोक' तर तिसरीच गोष्ट. वयात येणाऱ्या पोरी खांदे पुढं घेऊन, छाती चोरून बसतात आणि आया मागून पाठीवर चापट मारतात, "नीट बस ना वं, पोक काहून काढली?" तुझ्या कथेतली धाकटी बहीण तशी बसत असेल. असेल तर लिही, त्या एका शब्दात तिचं अख्खं वय येईल.

'देहबोली' हा शब्द पाच ठिकाणी आला आहे. पाचही काढ. तो काहीच दाखवत नाही.

आता पुन्हा आजोबांकडे. 'लाचारासारखे' खोडलंस की ते नुसते उकिडवे राहतात, आणि तेवढ्यावर वाचकाला काही कळणार नाही, हे मला मान्य आहे. म्हणून एक विचारते. शेतात जन्म गेलेला माणूस निवांत उकिडवा बसतो तेव्हा त्याच्या टाचा जमिनीला टेकलेल्या असतात, सगळा भार त्यांच्यावर. आणि कोणी हाक मारताच उठायचं असलं की तो चवड्यांवर बसतो, टाचा वर राहतात. तू त्या दिवशी तिथं होतीस. ग्रेडर तीन गाड्या पलीकडं होता आणि आजोबा चाकाशी बसले होते, तेव्हा त्यांच्या टाचा टेकल्या होत्या का? नीट आठव आणि मला कळव, मग पुढचं पान बघू.

तुझी,
बाई