पोळ्याच्या आत कागद तयार ठेव

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. मराठी माध्यमातून शिकलेल्या, तांड्यावरच्या, बीएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची पदवी झालेल्या मुलीला परदेशात शिकायला पैसे कोण देणार, असं तू विचारलंस. देतात, पोरी. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंप्री खंदारेचे राजू केंद्रे मुक्त विद्यापीठाची पदवी घेऊन पुढे शिकले आणि २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला गेले. त्यांची एकलव्य संस्था आता घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलामुलींच्या कार्यशाळा घेते. त्या कार्यशाळेचा अर्ज निघाला की लगेच भर.

आपल्याकडची पोरं हुशारीत कुठंच कमी नाहीत. त्यांच्या तारखा हुकतात. म्हणून आधी तारखांचंच बोलतो.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात तिकडे वर्गात बसायचं असेल तर हिशेब शेवटापासून मागे मांडत ये. सरकारी शिष्यवृत्तीला विद्यापीठाचं अनकंडिशनल ऑफर लेटर, म्हणजे कसलीही अट बाकी नसलेलं प्रवेशाचं पत्र, लागतं. ते मिळायला पदवीची गुणपत्रिका, ट्रान्स्क्रिप्ट (विद्यापीठानं दिलेला सगळ्या विषयांच्या गुणांचा एकत्र उतारा) आणि इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल द्यावा लागतो. ट्रान्स्क्रिप्टसाठी अमरावतीला विद्यापीठात अर्ज करायचा आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तारीख घेऊन नागपूरला जायचं. त्या परीक्षेला सतरा-अठरा हजार जातात, त्यामुळे घरी सराव पुरता झाल्याशिवाय तारीख घेऊ नकोस. आणि तारीख घ्यायला पासपोर्ट हातात पाहिजे. म्हणजे सुरुवात पासपोर्टपासून, आणि तीही याच महिन्यात. साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे.

अर्ज भरण्याआधी सगळ्या कागदांवरची नावं एकाखाली एक मांडून बघ. हे काम किरकोळ वाटतं, पण यातच महिने जातात. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग आपलं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर मात्र सरनेम आणि गिव्हन नेम असे दोनच रकाने. आधारवर तिसराच क्रम. तांड्यावर कितीतरी घरं चव्हाणांची आहेत, आणि एकाच माणसाच्या दोन कागदांवर चव्हाणच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे एक एच असतो, कुठे दोन. परदेशातल्या प्रवेश कार्यालयात बसलेल्या माणसाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. त्याचा दोष नाही. फरक बारीक असेल तर नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून घे, मोठा असेल तर राजपत्रात दुरुस्ती कर. जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमिलेअर हे तर लागतंच. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला या आर्थिक वर्षात काढलेला पाहिजे, मागच्या वर्षी काढलेला जोडू नकोस.

आता पैसा कुठून येतो ते सांगतो. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींना, ४ भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांना, आणि आपल्या विमुक्त-भटक्यांना ६. अख्ख्या देशात सहा! मला हे फार कमी वाटतं आणि ते वाढावं म्हणून बोललं पाहिजे, पण म्हणून अर्ज सोडायचा नाही. पदवीला ६० टक्के, वय ३५ च्या आत, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत आणि विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत, एवढ्या अटी आहेत. विद्यापीठाची फी, विमान, व्हिसा, विमा सगळं त्यात येतं. वरून राहण्याखाण्याला ब्रिटनमध्ये वर्षाला ९,९०० पौंड, इतर देशांत १५,४०० डॉलर. ३० टक्के जागा मुलींसाठी आहेत.

राज्य सरकारकडे तुझ्यासाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची वेगळी योजना आहे. तिचे नियम बदलत राहतात, तेव्हा कोणी सांगितलं म्हणून धरून चालू नकोस, त्या वर्षीचा शासन निर्णय काढून स्वतः वाच. चेव्हनिंगचा अर्ज पोळ्याच्या आसपास उघडतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बंद होतो. त्यांना २,८०० तासांचं काम हवं असतं, म्हणजे साधारण दोन वर्षांचं. तुझी संस्थेतली दोन वर्षं इथे कामाला येतात. शिवाय युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्तीचा अर्ज कर. युरोपातल्या किमान दोन देशांत शिकायचं आणि महिन्याला १,४०० युरो. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, पण शिष्यवृत्तीशिवाय गेलीस तर व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात आधी दाखवावे लागतात. ते आपल्या आवाक्यातलं नाही. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी चार वर्षांची पदवी मागतात. माझं मत विचारशील तर ब्रिटनचा एक वर्षाचा सार्वजनिक आरोग्याचा मास्टर्स तुला सगळ्यात जुळतो.

निबंधाचा तू पाठवलेला मसुदा मात्र मला पटला नाही. 'माझा जिल्हा मागास आहे, शेतकरी आत्महत्यांसाठी ओळखला जातो' ही सुरुवात आपल्या भागातला जो तो करतो. त्यात तू कुठे आहेस? २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर वाढली होती, औषध अंगावरच पडायचं. तू त्याच मजुरांकडे जाऊन वही भरलीस. औषध बाटलीच्या झाकणानं मोजतात, दोन-तीन औषधं एकाच पंपात घालतात, तोंडाला फक्त दुपट्टा बांधतात, आणि घरी आल्यावर तेच कपडे बाई हातानं धुते. त्या बाईला होणारा त्रास दवाखान्याच्या नोंदीत येत नाही, हे तुझ्या वहीत आहे. ते लिही. मग तू काय केलंस, कोणी ऐकलं, कोणी नाही, आणि अजून काय शिकल्याशिवाय पुढचं काम जमणार नाही, तेही लिही. आधी मराठीत लिही, इंग्रजी आपण दोघं बसून करू. एआयकडून अख्खा निबंध लिहून घेऊ नकोस. मुलाखतीत त्यातल्या एकेका ओळीवर प्रश्न येतो.

शिफारसपत्र आमदारसाहेबांचं नको. ज्या मॅडमनी तुझं फील्डवर्क तपासलं, त्यांचं घे आणि त्यांना महिनाभर आधी सांग.

नागपुरातल्या कन्सल्टन्सीत जायचं म्हणतेस. त्यांना ठरावीक विद्यापीठांकडून कमिशन मिळतं, तीच ते पुढे करतात. तुला जी शिष्यवृत्ती हवी, तिच्यात त्यांचा काहीच फायदा नाही. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. बाबा वावर गहाण टाकायला तयार झाले तरी तू हो म्हणू नकोस. यंदा नाही झालं तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो, वावर परत येईलच असं नाही.

येत्या रविवारी सगळ्या मूळ कागदांची पिशवी घेऊन घरी ये. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि टीसी विसरू नकोस. आपण पासपोर्टचा अर्ज इथेच बसून भरू.

तुझे,
सर